कोकणच्या नद्या: गोडं पाणी कुठवर, खारं कुठवर

महाबळेश्वरच्या एकाच पठारावरून कृष्णा निघते आणि सावित्रीही. कृष्णा पूर्वेला वळून सुमारे 1400 किलोमीटर चालते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री पश्चिमेचा कडा उतरते आणि पोलादपूर, महाड करत बाणकोटला समुद्रात शिरते. शंभर-सव्वाशे किलोमीटरांत तिचं सगळं आटोपतं. त्र्यंबकच्या डोंगरातून निघणाऱ्या गोदावरी आणि वैतरणेचंही तसंच. उल्हास, कुंडलिका, वाशिष्ठी, शास्त्री, गड, कर्ली, तेरेखोल, पुढे गोव्यात मांडवी नि जुवारी. यादी मोठी, नद्या आखूड. पण यांची लांबी पाठ करून हाती फारसं काही लागत नाही. इथल्या शेतकऱ्याला विचारा, तो नदीचं मोजमाप भरतीने करतो.

सुमारे 20 हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होतं. पृथ्वीवरचं बरंचसं पाणी बर्फात अडकलेलं, त्यामुळे समुद्र आजच्यापेक्षा जवळजवळ 120 मीटर खाली होता. किनारा पश्चिमेला पार दूर होता आणि या नद्या तिथवर दऱ्या कोरत जात होत्या. बर्फ वितळलं, समुद्र चढला आणि त्या दऱ्यांमध्ये घुसला. आपल्या खाड्या म्हणजे या बुडालेल्या दऱ्याच. कृष्णा-गोदावरीसारखे त्रिभुज प्रदेश कोकणात दिसत नाहीत, त्यामागचं एक कारण हेच. नदीने आणलेला गाळ आधी खाडीतच बसतो, आणि उरलेला भरती-ओहोटी इकडेतिकडे करते.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण, म्हणजे सर्वांत मोठी भरती; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वांत लहान भरती. मुंबईकडे मोठ्या उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते. दक्षिणेला गोव्याकडे जावं तसा हा चढउतार कमी होतो. तरीही मांडवीत भरतीचा परिणाम सुमारे 50 किलोमीटर आत जाणवतो. वाशिष्ठीवर चिपळूणला लागून असलेलं गोवळकोट एकेकाळी बंदर होतं, ते याच भरतीच्या जोरावर.

मात्र भरती चढते म्हणजे दर वेळी खारं पाणीच चढतं असं नाही. आषाढ-श्रावणात नदीच्या लोंढ्यापुढे समुद्राचं काही चालत नाही. भरती गोड्या पाण्याला नुसती तुंबवते. (चिपळूण-महाडच्या पुरात हे तुंबणं फार महागात पडतं.) दिवाळीनंतर धार बारीक होते आणि खारं पाणी वर सरकू लागतं. ते जड, म्हणून तळातून पुढे येतं. वैशाखात ते सर्वांत आतवर पोचलेलं असतं. वाशिष्ठीची गोष्ट जरा वेगळी आहे. कोयना ही कृष्णेची उपनदी; तिचं पाणी वीज करून पोफळी-कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत सोडलं जातं. बंगालच्या उपसागराकडे निघालेलं पाणी बोगद्यातून अरबी समुद्राला मिळतं आणि या नदीला भर उन्हाळ्यातही धार राहते. बाकीच्यांच्या नशिबी हे नाही.

खारं-गोडं पाणी जिथे सतत झगडतं, तिथेच खलाटीतली, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनीतली भातशेती आहे. पेण-अलिबागकडे ती खारबंदिस्तीच्या, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या बांधांच्या आधाराने उभी आहे, गोव्यात तिला खाजन म्हणतात. खाडी आणि शेत यांच्यामध्ये चिखलमातीचा बांध, आणि बांधात उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं दार. गोव्यात तिला मानस म्हणतात. मला या साऱ्या व्यवस्थेतलं सर्वांत हुशार काम हेच वाटतं. दार खाडीच्या बाजूलाच उघडेल असं बसवलेलं. भरती आली की बाहेरचं पाणी ते चौकटीवर दाबून धरतं, जितकी भरती मोठी तितकं घट्ट. ओहोटी लागली, बाहेरची पातळी उतरली, की आत साठलेलं पावसाचं पाणी त्याच दाराला ढकलून निघून जातं. ना मोटर, ना राखणदार. चंद्र फिरतोय तोवर दार चालतं. अडचण होते ती दारात लाकूड, गवत किंवा हल्ली प्लास्टिक अडकलं की. बोटभर फट राहिली तरी एका उधाणात आत खारं पाणी पसरतं.

बांध शाबूत असला तरी मीठ असतंच. उन्हाळ्यात जमीन भेगाळते, खालचा ओलावा केशाकर्षणाने वर येतो, पाणी उडून जातं आणि पांढरी खार वर राहते. म्हणून पहिल्या सरींचं पाणी शेतात कोंडायचं, मीठ विरघळू द्यायचं आणि ओहोटीला उघाडीतून काढून द्यायचं. त्यानंतर भात. अनेक ठिकाणी लावणी न करता मोड आणलेलं बी चिखलात फेकतात, ती रहू पद्धत. बियाणंही खार सोसणारं लागतं: पूर्वी राता, आता पनवेलच्या संशोधन केंद्रातून आलेल्या पनवेल-1, 2, 3 अशा जाती. बांधाच्या आत तळं असेल तर जिताडा मासाही वाढतो, आणि काही घरांत भातापेक्षा त्याचीच कौतुकं जास्त.

खरं संकट येतं बांधाला खांड गेल्यावर, म्हणजे बांध फुटल्यावर. आत आलेलं मीठ एका पावसाळ्यात धुऊन निघत नाही. खांड बरीच वर्षं तशीच राहिली तर शेतात कांदळवन (खारफुटीचं जंगल) उभं राहतं. त्याला कायद्याचं संरक्षण आहे, मग ती जमीन पुन्हा भाताखाली आणणं जवळपास अशक्य होतं. बांधाबाहेरचं कांदळवन लाटांचा मार झेलतं, ते हवंच. आतलं मात्र शेतकऱ्याची जमीन घेऊन बसतं. म्हणून डागडुजी उन्हाळ्यातल्या भांगात, पाणी सर्वांत कमी चढतं त्या दिवसांत उरकावी लागते. बांधाचा निधी जूनमध्ये मंजूर झाला तर त्या वर्षी तो बांधाच्या काही कामाचा नाही.