जुन्या जीपचा क्राऊन-पिनियन मागवताय? आधी रेशो मोजा, आणि असा मोजा

आमच्याकडे आठवड्याला चार-पाच फोन तरी हेच असतात, जीपचा क्राऊन-पिनियन (ॲक्सलच्या आत शाफ्टचं फिरणं चाकांकडं वळवणारी दातेरी जोडी, मोठा तो क्राऊन, छोटा तो पिनियन) पाहिजे, किती होतील. आम्ही विचारतो आठ-त्रेचाळीस का आठ-एकोणचाळीस, म्हणजे पिनियनचे आणि क्राऊनचे दात किती, तर पलीकडून उत्तर येतं, जुनी महिंद्रा आहे, त्याला जो बसतो तो द्या. बसायला दोन्ही बसतात हो, तीच तर अडचण आहे. हौसिंग एकच, बेअरिंग तीच, बोल्ट तेच, आणि गाडी रस्त्यावर आल्यावर कळतं की चुकीचा सेट बसवलाय. म्हणून हे एकदाच नीट लिहून ठेवलंय, कृपा करून ऑर्डर देण्याआधी पूर्ण वाचा.

रेशो म्हणजे क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात, एवढं बहुतेकांना माहितीच आहे. ४३ भागिले ८ म्हणजे ५.३८, ३९ भागिले ८ म्हणजे ४.८८, ४७ भागिले ११ म्हणजे ४.२७, आणि ४१ भागिले ११ म्हणजे ३.७३. मधला ९-४१ चा ४.५६ पण कधीकधी निघतो. युद्धातल्या विलीज एमबीला ४.८८ होता, १९४५ ला शेतकऱ्यांसाठी सीजे-२ए काढली तिला ५.३८ दिला, आणि पुढे सीजे-३बी ला पण ५.३८ च. म्हणजे हा घोळ पहिल्यापासूनचा आहे. वर आपल्याकडच्या गाड्यांनी तीस-चाळीस वर्षं काढलेली, वडापला पळालेल्या, उसाच्या रानात राबलेल्या, पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेलं, मागचा ॲक्सल एका भंगारातला आणि पुढचा दुसऱ्या. त्यामुळे मॉडेल सांगून रेशो कळत नाही, आरसी बुकात तो लिहिलेला नसतो, आणि तुमच्या मेस्त्रीनं दहा वर्षांपूर्वी काय बसवलं ते त्याला पण आठवत नसतं.

अजून एक, प्यूजो इंजिनवाले बरेच जण सांगतात की प्लेटवर ४.९० लिहिलंय म्हणजे ४.८८ चाच क्राऊन असणार. नाही. एक्सडीपी ४.९० हे इंजिनाचं नाव आहे, चार सिलेंडर आणि ९० एमएमचा बोअर. त्याचा डिफरन्शियलशी, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या ज्या गोळ्यात क्राऊन-पिनियन बसतो त्याच्याशी, काही संबंध नाही, त्यावरून ऑर्डर देऊ नका.

आता मोजायचं कसं. सगळ्यात खात्रीचं म्हणजे डिफरन्शियलचं कव्हर उघडा, दहा बोल्ट आहेत, खाली ऑईलला भांडं धरा आणि दात मोजा. पहिल्या दाताला खडूची खूण करा, नाहीतर ४२ का ४४ यात गोंधळ होतोच. क्राऊनच्या कडेला वायर ब्रश मारला तर बहुतेक वेळा दातांचे आकडे ठोकलेले दिसतात, ८-४३ असे. कव्हरच्या बोल्टखाली मूळ पत्र्याचा टॅग शिल्लक असला तर नशीब, पण त्यावर विसंबू नका, टॅग जुना आणि आतला माल नवा असं आम्ही कित्येकदा बघितलंय.

कव्हर उघडायचं नसेल तर चाक फिरवून मोजता येतं, आणि ज्या एका चुकीत तुमचा-आमचा सगळा वेळ जातो ती इथंच होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मागचं फक्त एकच चाक उचलायचं. दुसरं जमिनीवर घट्ट पाहिजे. गिअर न्यूट्रल, ट्रान्सफर केसची (गिअरबॉक्समागचा, पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद देणारा डबा) हाय-लोची दांडी न्यूट्रल, फोर-व्हीलची दांडी टू-व्हीलवर. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकाला नसतो, ट्रान्सफर केसच्या मागं प्रोपेलर शाफ्टवर (तिथून ॲक्सलकडं जाणाऱ्या लांब दांड्यावर) असतो, म्हणजे शाफ्ट फिरवायचा तर तो सोडावाच लागतो आणि सोडला की गाडी मोकळी. आणि ओढलेला असला तरी मागचं एक चाक हवेत असताना तो गाडी धरत नाही. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड नाहीतर लाकडी ठोकळे लावा, सपाट जागेवर लावा, आणि जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, घोडी (लोखंडी स्टँड) लावा. हे मोजमाप वीस मिनिटांचं आहे, त्यासाठी कुणी छातीवर गाडी घेऊ नये.

टायरला खडूनं एक रेघ, शाफ्टला एक रेघ. एकानं चाक फिरवायचं, दुसऱ्यानं खाली शाफ्टचे फेरे मोजायचे. चाक वीस फेरे फिरवा. शाफ्टचे जेवढे फेरे आले त्याला दहानं भागा. दहानं, वीसनं नाही.

का ते सांगतो. डिफरन्शियलच्या आत स्पायडर गिअर असतात, क्राऊन दोन्ही चाकांच्या फेऱ्यांची सरासरी घेऊन फिरतो. एक चाक जमिनीवर थांबलंय आणि दुसरं दोन फेरे फिरलं, तर शून्य आणि दोन यांची सरासरी एक, म्हणजे क्राऊन एकच फेरा फिरला. चाकाचे वीस फेरे म्हणजे क्राऊनचे दहाच. हे लक्षात न घेतल्यामुळे लोक आम्हाला फोनवर २.६९ चा सेट मागतात, असा सेट या जीपला येतच नाही, तो ५.३८ च असतो. हे तरी बरं, यात चूक पकडता येते. खरा त्रास होतो तो चाक एकदाच फिरवणाऱ्यांचा. शाफ्ट "अडीच फेरे" फिरला म्हणतात, दुप्पट केले की पाच, आणि मग पाच म्हणजे ४.८८ असणार असं स्वतःच ठरवून टाकतात. एका फेऱ्याला ४.८८ मध्ये शाफ्ट २.४४ फिरतो आणि ५.३८ मध्ये २.६९, म्हणजे फरक पाव फेऱ्याचा, तो डोळ्यानं अंधारात कुणाला कळणार? वीस फेऱ्यांना हाच फरक सरळ पाच फेऱ्यांचा होतो. ५.३८ ला पावणेचोपन्न, ४.८८ ला पावणेएकोणपन्नास, ४.५६ ला साडेपंचेचाळीस, ४.२७ ला जवळजवळ त्रेचाळीस, ३.७३ ला सव्वासदतीस. मग चुकायला जागाच राहत नाही.

दोन्ही चाकं उचलून एकच फिरवलं तर दुसरं उलटं फिरतं आणि शाफ्ट जागचा हलत नाही. मागच्या पावसाळ्यात एका ग्राहकानं असं करून पिनियन तुटला असं समजून पूर्ण सेट मागवला होता, गाडी आणली तेव्हा पिनियन ठणठणीत, गाडीत येणारा आवाज क्रॉसचा (शाफ्टच्या सांध्याचा) होता. आणि एक चाक उचलून ते फिरतच नसेल, बाकी सगळं न्यूट्रलला असताना, तर आत लॉकर (दोन्ही चाकं एकत्र बांधणारा भाग) आहे किंवा कुणीतरी स्पायडर वेल्ड करून ठेवलेत. तेव्हा दोन्ही चाकं उचला, दहा फेरे द्या आणि दहानं भागा.

पुढचा ॲक्सल पण याच पद्धतीनं, फक्त स्टेअरिंग सरळ ठेवा आणि फ्री-व्हील हब (चाक ॲक्सलपासून सुटं करणारे) असतील तर ते लॉक करा, नाहीतर चाक नुसतं फिरत राहतं. हो, पुढचा पण मोजायचाच, जरी तुम्हाला फक्त मागचाच सेट घ्यायचा असला तरी. मागं ४.८८ आणि पुढं ५.३८ असलं तर मागची चाकं शंभर मीटर जातात तेवढ्यात पुढची एक्क्याण्णवच जायला बघतात. चिखलात टायर घसरून जुळवून घेतात, म्हणून रानात काही कळत नाही, पण त्याच फोर-व्हीलमध्ये डांबरी रस्त्यावर आलात की सगळा ताण शाफ्ट, क्रॉस आणि ट्रान्सफर केसवर. फोर-व्हीलची दांडी अडकून बसते आणि रिव्हर्स घेतल्यावर सुटते, असं तुमच्या गाडीत होत असेल तर आधी टायर चारही सारखे आहेत का बघा, आणि सारखे असतील तर दोन्ही रेशो मोजाच. म्हणून आम्ही फोर-व्हील गाडीला पुढचा रेशो कळल्याशिवाय मागचा सेट देत नाही. यावर काही जण नाराज होतात, दुसरीकडे न विचारता मिळतो म्हणतात. मिळत असेल, पण आमच्याकडून गेलेला सेट ट्रान्सफर केस फोडायला कारण झालेला आम्हाला चालत नाही.

तसंच सुटा क्राऊन किंवा सुटा पिनियन आम्ही विकत नाही. दोन्ही एकमेकांवर घासून जोडीनं बनवलेले असतात, दोघांवर जोडीचा नंबर असतो, जोडी तोडली की आवाज आलाच. फिटिंगची मजुरी वेगळी का, हे पण विचारतात. पिनियनची खोली शिमनं (पातळ चकत्यांनी) बसवायची, रंग लावून दातांचा ठसा बघायचा, डायल लावून बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) सहा ते दहा थाऊमध्ये (इंचाच्या हजाराव्या भागात) आणायचा, पटत नसेल तर परत खोलायचं, यात आमचा दिवस जातो. हातोडीनं ठोकून तासात बसवलेले सेट सहा महिन्यांत ओरडत परत येतात. आणि एकदा ठोकल्याच्या खुणा असलेला सेट आम्ही परत घेत नाही, हे आधीच सांगतो.

रेशो बदलायचाच असेल तर तेही बोलू. टॉप गिअर, इंजिन ३००० आरपीएम, ६.००-१६ चे टायर धरले तर ५.३८ ला गाडी ताशी साधारण ७३ किलोमीटर पळते, ४.८८ ला ८१, ४.२७ ला ९२-९३. डिझेल इंजिन टाकलंय आणि कोल्हापूर-पुणे हायवेला इंजिन नुसतं बोंबलतंय, तर ४.२७ चा फरक तुम्हाला पहिल्याच दिवशी जाणवेल, दोन्ही ॲक्सलचे सेट आम्ही जोडीनं देतो. पण गगनबावड्याकडं नाहीतर आंबोलीत भरलेली गाडी चढवायची असेल, मूळ पेट्रोल इंजिन असेल, तर ५.३८ च ठेवा, खर्च करू नका, आम्ही पण तेच सुचवू. ३.७३ पाहिजे असेल तर नुसता सेट पुरत नाही, क्राऊन ज्यावर बसतो तो आतला कॅरिअर पण बदलावा लागतो, ते आधीच धरून चला.

फोन करण्याआधी व्हॉट्सॲपवर एवढं पाठवा: वीस फेऱ्यांना शाफ्ट किती फिरला, पुढचा आणि मागचा दोन्ही, उघडलं असेल तर क्राऊनच्या कडेचा फोटो, आणि पिनियनच्या शेंड्याला स्प्लाईन (उभ्या खाचा) जाड दहा आहेत का बारीक सव्वीस, कारण शाफ्ट जोडायचा फ्लँज त्यावर ठरतो. मोजायला जमत नसेल तर गाडी घेऊन या, मोजायचे पैसे घेत नाही, सेट आमच्याकडून घ्या किंवा नका घेऊ. सकाळी दहाच्या आत आलात तर लगेच होतं. सोमवारी बंद असतो.