कॉलेजात विज्ञान अकादमींची व्याख्यान कार्यशाळा: अर्ज कोणी, कसा करायचा?

तालुक्याच्या गावात बीएस्सी करणाऱ्या मुलांना नावाजलेला शास्त्रज्ञ भेटतो तो यूट्यूबवर. तोच माणूस वर्गात दोन-तीन दिवस येऊन शिकवील, जेवणाच्या सुट्टीत मुलांशी बोलेल, अशी सोय आहे. पण बऱ्याच कॉलेजांत तिचा पत्ताच नसतो.

बेंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी (सी. व्ही. रामन यांनी १९३४ साली स्थापन केलेली), नवी दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी या तिघी मिळून विज्ञान शिक्षणाचा संयुक्त कार्यक्रम चालवतात. त्यातलीच एक ही व्याख्यान कार्यशाळा. विषय पदवीच्या अभ्यासक्रमाशी जोडलेला असतो, व्याख्याते बहुतेक अकादमींचे फेलो, म्हणजे निवडून घेतलेले सदस्य-शास्त्रज्ञ, असतात आणि खर्चासाठी अकादमींकडून अनुदान मिळते.

अर्ज विद्यार्थ्याने करायचा नसतो. यजमान कॉलेजातला प्राध्यापक समन्वयक होतो आणि त्याच्या जोडीला संयोजक, म्हणजे कन्व्हीनर, लागतो. कन्व्हीनर सहसा अकादमीचा फेलो असतो. घोडे अडते ते इथेच. फॉर्म तासाभरात भरून होतो, कन्व्हीनर मिळवायला मात्र महिना जाऊ शकतो. अकादमींच्या संकेतस्थळांवर फेलोंची यादी आहे. आपल्याकडे पुण्यात आयसर, आयुका, एनसीएल, मुंबईत टीआयएफआर, गोव्यात एनआयओ अशा संशोधन संस्था आहेत. म्हणजे माणसे फार लांब नाहीत. त्यांच्या कामातले थोडे तरी वाचून, कोणत्या वर्गाला काय अडते ते लिहून ईमेल करा. ‘आपल्या उपस्थितीने कार्यक्रमाची शोभा वाढेल’ छापाच्या निमंत्रणाला उत्तर आले नाही तर नवल वाटून घेऊ नका.

कन्व्हीनरने होकार दिला की विषय आणि व्याख्याते त्यांच्याशी बोलूनच ठरवा. प्रस्ताव अकादमींच्या संकेतस्थळावर चालू असलेल्या नमुन्यातच द्यायचा. त्याआधी हाताशी असावे ते असे: विषय आणि तारखा, व्याख्यात्यांची नावे व त्यांची तोंडी संमती, दिवसवार वेळापत्रक, विद्यार्थी-शिक्षकांची अपेक्षित संख्या, प्रवास-निवास-जेवणाचा अंदाजे खर्च आणि सभागृह देण्यास तयार असल्याचे प्राचार्यांचे पत्र. अनुदान कॉलेजच्या खात्यात यायचे असल्याने बँक तपशीलही कार्यालयाकडून आधीच घ्या. आमच्याकडे एका वर्षी तेवढ्यासाठी पंधरा दिवस गेले.

तारखा ठरवताना विद्यापीठाच्या परीक्षा आणि गणपती दोन्ही बघा. जानेवारी-फेब्रुवारी बरा, फक्त प्रात्यक्षिक परीक्षांच्या आधीचे दिवस धरा. कार्यशाळा फक्त आपल्या कॉलेजापुरती ठेवू नका. शेजारच्या कॉलेजांतली मुले येणार असतील तर प्रस्ताव भक्कम दिसतो, आणि खरे तर योजनेचा हेतूही तोच आहे.

वेळापत्रकाबद्दल माझे ठाम मत आहे. उद्घाटनाला अर्धा तास पुरे. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, तीन प्रास्ताविके यांत पहिली सकाळ संपते आणि मुलांच्या प्रश्नांना वेळ उरत नाही. रोज दुपारी एक तास नुसत्या गप्पांसाठी मोकळा सोडा, त्या खोलीत शिक्षक कमी असले तर उत्तम. नॅकच्या (कॉलेजांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फायलीसाठी फोटो तसेही निघतातच.

विद्यार्थ्यांनी करायचे एवढेच: कार्यशाळेच्या माहितीपत्रकातला नोंदणी अर्ज भरायचा, विभागप्रमुखांची किंवा प्राचार्यांची शिफारस घ्यायची, ओळखपत्राची प्रत जोडायची. नोंदणी शुल्क सहसा नसते. बाहेरगावच्या मुलांच्या राहण्याची सोय असेल की नाही, हे माहितीपत्रकात पाहावे, नसेल तर समन्वयकाला फोन करावा. हजेरीसाठी कॉलेजकडून ओडी (‘ऑन ड्युटी’, म्हणजे त्या दिवसांची हजेरी धरण्याची परवानगी) आधीच मंजूर करून घ्या, नंतर कोणी देत नाही.

कार्यशाळा झाली की अहवाल आणि खर्चाचा हिशेब अकादमीला पाठवायचा असतो. प्रवासाची मूळ तिकिटे व्याख्याते परत निघण्याआधीच मागून घ्या. विमानाचा बोर्डिंग पास मात्र त्यांच्याकडून घरी पोचल्यावर मागवावा लागतो, त्यासाठी पत्ता लिहिलेले पाकीट त्यांच्या हातात देऊन ठेवा.