ओळखलं, पण बोलेना

घरच्या सर्व्हरला खोचलेल्या डोंगलचा, म्हणजे सेन्सरांचं ऐकणाऱ्या छोट्या यूएसबी कांडीचा, दिवा लागला होता. सर्व्हरच्या यादीत त्याचं नावही दिसत होतं. तरी पाण्याच्या टाक्यावरचा सेन्सर जोडायला गेलं की स्क्रीनवर तीच ओळ यायची : पोर्ट सापडत नाही. बाबा दाराशी उभं राहून दोन दिवस हा तमाशा पाहत होते. शेवटी म्हणाले, "कारे, सोयरा दारात येऊन उभा हाय, तुले त्याचं नावबी ठाव हाय, अन् तू म्हणतं कोणी आलंच नाई?"

बाबांना लिनक्स, म्हणजे सर्व्हर ज्यावर चालतो ती प्रणाली, येत नाही, पण बिघाड त्यांनी नेमका सांगितला होता.

आमचं घर वरुड तालुक्यात, संत्र्याच्या बागेला लागून. घरात दोन हार्ड डिस्कचा एक डबा आहे, ज्याला नेटवर्क स्टोरेज किंवा नॅस म्हणतात. तोच आमचा सर्व्हर. लग्नाचे फोटो, सातबारा, कापसाच्या पावत्या, सगळं त्यात. इन्व्हर्टरवर असल्याने तो चोवीस तास चालू असतो. मग त्याच्यावरच होम असिस्टंट, म्हणजे घरातले सेन्सर आणि उपकरणं सांभाळणारं सॉफ्टवेअर, चालवावं, वेगळा कॉम्प्युटर कशाला, असा माझा हिशोब. टाकं भरलं की कळावं, कापूस भरलेल्या खोलीचं तापमान दिसावं, स्टार्टरच्या खोलीचं दार उघडं राहिलं तर निरोप यावा, इतकंच हवं होतं. हे सेन्सर झिगबी नावाच्या रेडिओवर बोलतात आणि त्यांचं ऐकायला सर्व्हरला एक यूएसबी डोंगल लागतं.

यूएसबीचं कुठलंही उपकरण खोचलं की ते आधी आपली ओळख सांगतं. त्यात दोन आकडे असतात : बनवणाऱ्याचा आणि वस्तूचा. बऱ्याच झिगबी डोंगलांत सिलिकॉन लॅब्जची सीपी२१०२ जातीची चिप असते, तिची ओळख '१०सी४' आणि 'ईए६०'. स्वस्तातल्या डोंगलांत सीएच३४० असते, तिची '१ए८६' आणि '७५२३'. ही चिप म्हणजे रेडिओ नव्हे, दुभाषी. रेडिओला जुनी सीरियल भाषा येते, एकामागून एक बिट पाठवण्याची. कॉम्प्युटरला यूएसबी येते. मध्ये ही चिप बसते.

पण चिपच्या पलीकडे, सर्व्हरच्या बाजूलाही एक दुभाषी लागतो. तो म्हणजे ड्रायव्हर. ओळखीचे आकडे वाचायला ड्रायव्हर लागत नाही, म्हणून यादीत नाव दिसतं. तो सापडला तरच 'टीटीवाययूएसबी०' अशा नावाचा पोर्ट तयार होतो आणि होम असिस्टंटला बोलायला जागा मिळते. (यातलं 'टीटीवाय' टेलिटाइप यंत्रांवरून आलं. कागदावर अक्षरं आपटणारी ती यंत्रं गेली, नाव मात्र कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, राहिलं.)

साध्या लिनक्स कॉम्प्युटरवर हे ड्रायव्हर आयते असतात. नॅस बनवणारी कंपनी मात्र कर्नल स्वतः कापूनछाटून देते. डिस्क, नेटवर्क, यूपीएस एवढं ठेवलं, बाकी काढलं. आमच्या डब्यात सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत सीरियलचे ड्रायव्हर होते, नव्या आवृत्तीत ते गायब झाले. जे विकायचं नाही त्याची जबाबदारी नको, हा कंपनीचा विचार मला कळतो. तरी चालू असलेली वस्तू अपडेटने बंद पडावी, याचा राग यायचा तो आलाच.

पुढच्या दोन संध्याकाळी मी वाया घालवल्या, त्याचं कारण सांगण्यासारखं आहे. होम असिस्टंट कंटेनरमध्ये चालतं. मला वाटलं, कंटेनर म्हणजे वेगळा छोटा कॉम्प्युटरच, त्याच्या आत ड्रायव्हर टाकला की झालं. कंटेनर तसा नसतो. वाड्यात चार बिऱ्हाडं असावीत, प्रत्येकाची चूल वेगळी, पण विहीर एकच. कंटेनरांची चूल आपापली, कर्नल नावाची विहीर सगळ्यांची मिळून. विहिरीत पाणी नसेल तर स्वयंपाकघरात नवी तोटी बसवून काय उपयोग? व्हर्च्युअल मशीनचं वेगळं. ते स्वतःची बोअर मारतं, म्हणजे स्वतःचं कर्नल आणतं. डब्यात तशी सोय असेल तर डोंगल थेट त्या मशीनकडे सोपवता येतं आणि डब्याच्या कर्नलला ड्रायव्हर नसला तरी चालतं. फक्त त्याला रॅम भरपूर लागते. आमच्या डब्यात ती नव्हती.

म्हणून राहिला तिसरा रस्ता : नेमक्या त्याच कर्नलसाठी बनवलेले ड्रायव्हर बाहेरून आणून घालायचे. इथे 'नेमक्या त्याच' याला महत्त्व आहे. मॉड्यूलवर, म्हणजे बाहेरून घातलेल्या अशा तुकड्यावर, कर्नल आपल्या आवृत्तीचा शिक्का तपासतं, जुळला नाही तर आत घेत नाही. प्रोसेसरची जातही जुळावी लागते. क्रमही सांभाळायचा : आधी 'यूएसबीसीरियल' हा सामायिक पाया, त्यावर आपल्या चिपचा 'सीपी२१०एक्स'. सर्व्हर बंद होऊन सुरू झाला की ते पुन्हा घालावे लागतात, म्हणून सुरुवातीला आपोआप चालणारी छोटी स्क्रिप्ट ठेवली. शेवटी कंटेनरला त्या पोर्टची वाट मोकळी करून दिली. सोयरा घरात आला.

हे करणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं. ड्रायव्हर कर्नलच्या पोटात चालतो, तिथे त्याला कुणी अडवत नाही. त्याची चूक म्हणजे अख्ख्या डब्याची चूक, आणि त्याच डब्यात लग्नाचे फोटो आहेत. मी आधी सगळ्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढली, मगच हात घातला. कुठल्या तरी अनोळखी माणसाने बांधलेलं मॉड्यूल मी घेतलं नसतं. कंपनीने आपल्या कर्नलचा सोर्स खुला केला आहे, त्यातून बांधता येतं. वेळखाऊ काम आहे, पण झोप लागते.

पोर्टच्या नावाचीही एक गंमत. दोन डोंगल असले तर सर्व्हर बंद होऊन सुरू झाल्यावर शून्य नंबरचं एक होऊ शकतं आणि एकाचं शून्य. नंबर हजेरीच्या क्रमाने मिळतात. त्याऐवजी उपकरणाच्या ओळखीवरून केलेलं कायमचं नाव वापरावं. माझ्याकडे दुसरं डोंगल होतं, अमेरिकेतल्या भाच्याने दिलेली, झिगबीसारख्याच झेड-वेव्ह नावाच्या दुसऱ्या रेडिओची कांडी. ती काही दिवसांतच काढून ठेवली. अमेरिकेत झेड-वेव्ह ९०८.४ मेगाहर्ट्झवर चालतं, भारतात ८६५.२ वर. ९०८ आपल्याकडे मोबाइलच्या पट्ट्यात येतं. ती कांडी इथे वापरणं म्हणजे दुसऱ्याच्या वावरात नांगर घालणं.

एवढं झाल्यावर खरी मजा सुरू झाली. दिवसा सेन्सर बोलायचे, रात्री एकच्या सुमारास टाक्यावरचा गप्प व्हायचा आणि पहाटे परत यायचा. दव, वटवाघळं, रात्रपाळीची थ्री फेज, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. रात्री एक वाजता होत काय होतं? बॅकअप. डोंगलला खेटून लावलेल्या यूएसबी ३.० च्या डिस्कवर प्रत निघत होती.

यूएसबी ३.० मधून सेकंदाला ५ अब्ज बिट धावतात. इतक्या वेगाने विजेचे संकेत उलटसुलट होताना केबल आणि जोडणीच्या फटींतून रेडिओचा गोंगाट बाहेर पडतो. तो रुंद पट्ट्यात पसरतो आणि २.४ ते २.५ गिगाहर्ट्झ त्याच्या ऐन वाटेवर येतं. झिगबी तिथेच राहतं : ११ ते २६ असे सोळा चॅनल, २४०५ पासून २४८० मेगाहर्ट्झपर्यंत. इंटेलने २०१२ साली यावर एक टिपण काढलं होतं. डिस्क जोडल्यावर जवळपासचा गोंगाट सुमारे २० डेसिबलने वाढल्याचं त्यांच्या मोजमापात दिसलं. २० डेसिबल म्हणजे शंभरपट. टाक्यावरून बटण सेलवर चालणारा सेन्सर कुजबुजतो आहे आणि डोंगलच्या कानाशी बँड वाजतो आहे, असा प्रकार.

उपाय दीड मीटरच्या एक्स्टेन्शन केबलचा. साधी यूएसबी २.० ची केबल, कारण डोंगलला वेग लागतच नाही. झिगबी सेकंदाला फार तर २,५०,००० बिट बोलतं. डोंगल डिस्कपासून दूर नेऊन खिडकीच्या गजाला बांधलं. टिनाच्या छपराखालून खिडकीत आल्याने त्याला बागही दिसू लागली. त्या रात्री सेन्सर गेला नाही. लगे हाथ झिगबीचं चॅनल २५ केलं, ते वायफायच्या १, ६, ११ या नेहमीच्या चॅनलांच्या पलीकडे पडतं.

झिगबी हे नाव मधमाश्यांच्या नाचावरून घेतलं आहे. फुलोरा कुठे आहे ते माशी पोळ्यावर नाचून सांगते आणि निरोप पसरतो. झिगबीतही निरोप एकाकडून दुसऱ्याकडे जातो, पण तो पुढे देण्याचं काम विजेवर चालणारी उपकरणंच करतात. सेलवरची आपलं सांगून झोपी जातात. शहरात याने काही बिघडत नाही. आमच्याकडे लाईन गेली की निरोप्यांपैकी निम्मे मरतात. गोठ्यातला स्मार्ट बल्ब बंद पडला की त्याच्या भरवशावरचा सेन्सर नवी वाट शोधत बसतो आणि काही स्वस्त सेन्सर ती शोधतच नाहीत. म्हणून निरोप्या म्हणून एक स्मार्ट प्लग मुद्दाम इन्व्हर्टरच्या लाईनवर लावला. त्याला काहीही जोडलेलं नाही. घरी आलेला प्रत्येक जण विचारतो, हा रिकामा प्लग कायले?

हे सगळं नव्याने करायचं झालं तर मी नेटवर्क केबलने जोडायचा झिगबी रेडिओ घेईन. तो घराच्या मधोमध टांगता येतो, सर्व्हरशी राउटरमधून बोलतो, आणि नॅसच्या कर्नलमध्ये कुठला ड्रायव्हर आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. पण घेतलेलं डोंगल चालतं आहे तोवर बाबा दुसरं घेऊ देणार नाहीत.

सध्या मे महिना आहे. आंबिया बहाराची फळं झाडावर आहेत, पारा पंचेचाळीसला टेकतो, पाण्याची एक पाळी चुकली तर गळ सुरू होते. सर्व्हरच्या पडद्यावर नवी आवृत्ती आल्याचा लाल ठिपका तीन आठवड्यांपासून दिसतो आहे. ती घातली की कर्नल बदलेल, शिक्का जुळणार नाही आणि ड्रायव्हर पुन्हा बांधावे लागतील. पाऊस लागेपर्यंत मी त्या ठिपक्याला हात लावणार नाही.