वायर टेकलेली दिसत होती, जोडलेली नव्हती

आमच्याकडं लातूर साईडला विहिरीवरच्या मोटारीला ऑटो स्टार्टर लावणं काही नवीन राहिलं नाही, रात्री 2 ला थ्री फेज आली की मोटार आपोआप चालू, एक फेज गेली की बंद. त्या डब्यातली कार्डं मी रिपेअर करतो, मग एकदा म्हणलं आपलंच एक डिझाईन करून बघू. आठ दिवस लॅपटॉपला चिकटून बसलो, 5 बोर्ड मागवले, पार्ट सोल्डर केले, सप्लाय दिला, एलईडी लागला पण रिले, म्हणजे मोटार चालू करणारा स्विच, काही ओढेना. पाचही बोर्डांत तेच.

ट्रान्झिस्टर बदलला, रिले बदलला, शेवटी मल्टीमीटरचा बझर लावला तर ट्रान्झिस्टरच्या बेस पिनला येणारी लाईन तुटलेली नव्हती, बोर्डावर ती काढलेलीच नव्हती! लॅपटॉपवर सर्किट उघडून झूम करत गेलो, करत गेलो, तेव्हा कुठं दिसलं की वायरचं टोक आणि पिनचं टोक यांच्यात केसाएवढी फट आहे. पार्ट ग्रिडवर, म्हणजे स्क्रीनवरच्या ठरलेल्या चौकटीच्या जाळीवर, बसला नव्हता, बस.

यात होतं काय, की बोर्डाची दोन चित्रं असतात. पहिल्यात, म्हणजे स्किमॅटिकमध्ये, फक्त कोण कुणाला जोडलंय एवढंच सांगायचं, अंतराशी संबंध नाही. दुसऱ्यात पार्ट खरोखर कुठं बसणार आणि तांब्याची लाईन कुठून जाणार ते. पहिल्यात जे जोडलंय त्याच्याच बारीक रेघा दुसऱ्यात दिसतात, सगळ्या एकमेकीत गुंतलेल्या, म्हणून त्याला रॅट्सनेस्ट म्हणतात, उंदराचं घरटं. माझी वायर पहिल्याच चित्रात जोडलेली नव्हती म्हणल्यावर दुसऱ्यात रेघ येणार कुठून. सॉफ्टवेअर त्याच्या जागी बरोबर होतं, हेच तर दुखणं आहे.

"अरे मग ईआरसी नाही चालवली का?" दोस्त म्हणला. ईआरसी म्हणजे स्किमॅटिकमधल्या जोडण्या सॉफ्टवेअरनंच तपासायची सोय. चालवली होती ना भाऊ! ढीगभर वॉर्निंग आल्या, बहुतेक फालतू, मी सगळ्या बंद करून पुढं गेलो. रोज उठसूट भुंकणाऱ्या कुत्र्याकडं चोर आला तरी कोण बघतंय.

कीकॅड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, फ्रान्समधल्या जाँ-पिएर शारास यांनी 1992 मध्ये सुरू केलेलं. त्यात न जोडलेल्या पिनच्या टोकाला बारीक गोल दिसतो, वायर खरंच जोडली की गोल गायब. आणि नवीन व्हर्जनची ईआरसी टोक ग्रिडवर नसेल तर तसं स्पष्ट सांगते. दोन लाईन जास्त जवळ आल्या तर बोर्डाच्या तपासणीत आता आकडे येतात, 0.2 मिमी पाहिजे होतं, 0.15 आहे. नुसतं 'चूक' म्हणणं आणि असं आकड्यात सांगणं, यात लय फरक पडतो, कारण सरकवायचं किती ते लगेच कळतं.

अजून एक मजा सांगतो. बऱ्याच जुन्या डिझाईन सॉफ्टवेअरात आधी 'हलव' कमांड घ्यायची, मग वस्तूवर क्लिक करायचं. आपण मराठीत घागर उचल, दार लाव म्हणतो, वस्तू आधी, काम नंतर. यांचं उलटं! त्यात घोळ असा की कमांड चालूच राहते, याला 'मोड' म्हणतात, आणि तुम्ही विसरता, नुसतं बघायला म्हणून क्लिक केलं की पार्ट उचलला जातो. कट-कॉपी-पेस्ट घडवणाऱ्यांपैकी लॅरी टेस्लर या असल्या 'मोड'वर इतके चिडून होते की त्यांच्या गाडीच्या नंबरप्लेटवरच 'नो मोड्स' होतं. कीकॅडच्या 5 व्हर्जनपर्यंत स्किमॅटिकमध्ये माऊसनं चौकोन ओढला की आतलं सगळं सिलेक्ट होण्याऐवजी थेट कर्सरला चिकटून हलायला लागायचं. बाकी दुनियेत चौकोन ओढला की सिलेक्ट होतं, त्यामुळं नवीन माणूस पहिल्या पाच मिनिटांतच घाबरायचा. डिसेंबर 2021 ला 6 व्हर्जन आलं तेव्हा ही सवय सुधारली, स्किमॅटिक आणि बोर्ड दोन्हीकडं सिलेक्ट करायची पद्धत एक झाली.

मला सगळ्यात आवडलेली सोय मात्र पुश अँड शोव्ह, ती जिनिव्हाजवळच्या सर्न या अणुसंशोधन संस्थेच्या लोकांनी कीकॅडमध्ये आणली. आधी नवी लाईन मधून काढायची तर जुन्या चार लाईन हातानं पुसून परत काढायच्या, अर्धी दुपार जायची. आता लातूर-उदगीर एसटीत "सरका हो जरा" म्हणलं की सगळे थोडं थोडं सरकतात ना, तसं नवी लाईन घुसली की बाजूच्या आपोआप सरकतात, आणि अंतराचा नियमही मोडत नाहीत. एसटीत मात्र मोडतात.

माझे ते 5 बोर्ड फेकले नाहीत. खालून एकेक बारीक जंपर वायर टाकली, आणि त्यातला एक चुलत्याच्या विहिरीवर अजून मोटार ओढायलाय.