लोंगेवालाची लढाई आणि पडद्यावरचे हौतात्म्य : एक खुलासा

१९९७ च्या ‘बॉर्डर’ या चित्रपटामुळे अनेकांचा असा समज झाला आहे की, भारत-पाकिस्तान युद्धात ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री राजस्थानातील लोंगेवाला ठाण्यावर बहुतेक भारतीय जवान धारातीर्थी पडले. वस्तुस्थिती तशी नाही. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या नेतृत्वाखालील २३ पंजाब या पायदळ बटालियनच्या सुमारे १२० जवानांपैकी दोघांना वीरमरण आले. चित्रपटात हुतात्मा दाखवलेले सीमा सुरक्षा दलाचे भैरोसिंग राठोड तर प्रत्यक्षात त्या रात्रीतून सुखरूप बचावले, त्यांना सेना पदक मिळाले आणि २०२२ च्या डिसेंबरात जोधपूर येथे त्यांचे निधन झाले. जिवंत माणसाला पंचवीस वर्षे आपलेच मरण पडद्यावर पाहावे लागणे, हे विलक्षणच म्हटले पाहिजे.

मूळ घटना मात्र काल्पनिक नाही. जैसलमेरच्या तळावरील भारतीय हवाई दलाच्या हंटर लढाऊ विमानांना रात्री हल्ला करण्याची सोय नसल्यामुळे ठाण्याला पहाटेपर्यंत पाकिस्तानी रणगाड्यांपुढे एकट्याने तग धरावा लागला, आणि उजाडताच त्याच विमानांनी उघड्या वाळवंटात रुतलेल्या रणगाड्यांचा फडशा पाडला, हा चित्रपटातला भाग खराच आहे.