पुनरुच्चार, हवाई वाहतूक नियंत्रणातील

नियंत्रकाने रेडिओवरून दिलेली परवानगी किंवा सूचना वैमानिकाने परत बोलून दाखवण्याची आणि नियंत्रकाने ती ऐकून पडताळण्याची पद्धत. व्यवहारात पहिल्या भागाला ‘रीडबॅक’ व दुसऱ्याला ‘हिअरबॅक’ म्हणतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या (इकाओ) नियमांनुसार मार्ग परवानगी, धावपट्टीवर येण्याची, ती ओलांडण्याची, तिच्याअलीकडे थांबण्याची, उतरण्याची वा उड्डाणाची सूचना, उंचीमापकाचा दाब, ट्रान्सपाँडर कोड (रडारवर विमान ओळखू यावे म्हणून दिलेला अंक), उंचीची पातळी, दिशा आणि वेग बोलून दाखवणे सक्तीचे आहे. नुसते ‘रॉजर’ पुरत नाही. त्याचा अर्थ संदेश पूर्ण मिळाला एवढाच होतो. काय मिळाले ते त्यातून कळत नाही.

चूक वैमानिकाच्या ऐकण्यात होते तशी नियंत्रकाच्या पडताळणीतही होते, आणि दुसरी अधिक घातक, कारण तिच्यापुढे अडवणारे कोणी नसते. उत्तर येत असताना नियंत्रक पुढच्या विमानाची सूचना मनात जुळवत असतो. त्यामुळे जे अपेक्षित तेच ऐकू आल्यासारखे वाटते. एकाच संदेशात दिशा २१० व वेग २१० दिल्यास, किंवा एकाच वारंवारितेवर मिळतीजुळती हाकचिन्हे (रेडिओवर विमानाला पुकारण्याची नावे) असल्यास धोका वाढतो.

१९८९ मध्ये क्वालालंपूरकडे उतरणाऱ्या मालवाहू बोइंग ७४७ ला २,४०० फुटांपर्यंत उतरण्याची सूचना ‘टू फोर झीरो झीरो’ अशी सुट्या आकड्यांत मिळाली. वैमानिकांनी पहिला ‘टू’ हा आकडा न मानता ‘पर्यंत’ या अर्थी घेतला आणि ‘ओके, फोर झीरो झीरो’ (म्हणजे ४०० फूट) असे उत्तर दिले. ते कोणी दुरुस्त केले नाही. जमीन जवळ आल्याचा इशारा वाजत असतानाही विमान टेकडीवर आदळले; चारही जण दगावले. ‘थाउजंड’ व ‘हंड्रेड’ हे शब्द उच्चारले असते तर ही गफलत झाली नसती.

स्पेनच्या टेनेरिफ बेटावरील धावपट्टीवर डच केएलएम आणि अमेरिकी पॅन ॲम या कंपन्यांची विमाने एकमेकांवर आदळली, त्या दुर्घटनेचा (२७ मार्च १९७७, ५८३ मृत्यू) अर्थ मात्र वादाचा आहे. धुक्यात केएलएमच्या विमानाला नियंत्रकाने फक्त मार्ग परवानगी (उड्डाणानंतर कोणत्या मार्गाने जायचे याची) दिली, पण तिच्यात ‘टेक-ऑफ’ हा शब्द आला होता. सहवैमानिकाने ती बोलून दाखवताना शेवटी ‘वुई आर नाऊ ॲट टेक-ऑफ’ असे, किंवा दुसऱ्या वाचनानुसार ‘टेकिंग ऑफ’ असे म्हटले. नियंत्रकाने त्याचा अर्थ ‘उड्डाणाच्या जागी उभे आहोत’ असा घेतला असावा. त्याचे ‘ओके’ केएलएमला ऐकू आले. पुढचे ‘थांबा, मी सांगेन’ हे शब्द आणि पॅन ॲमचे ‘आम्ही अजून धावपट्टीवर आहोत’ एकाच वेळी आल्याने कॉकपिटमध्ये सुमारे चार सेकंद शिट्टीच वाजली. विमानांचा व्हीएचएफ (अतिउच्च वारंवारितेचा) रेडिओ संवाद आयाम-मॉड्युलेशनवर, म्हणजे आवाजानुसार वाहक लहरीचा आयाम बदलण्याच्या पद्धतीवर, चालतो. दोन वाहक लहरींच्या वारंवारितेत किंचित फरक असला की ही शिट्टी उमटते व दोन्ही संदेश बुडतात. नंतर पॅन ॲमचे ‘धावपट्टी सोडल्यावर कळवू’ ऐकून फ्लाइट इंजिनिअरने शंका विचारली, तोवर विमान वेग घेत होते.

स्पॅनिश अहवालाने परवानगीविना उड्डाण सुरू करणे हे मूळ कारण ठरवले. डच बाजूने परस्परांतील गैरसमजावर भर दिला. निर्णय कॅप्टनचा होता यात शंका नाही, तरी संदिग्ध पुनरुच्चार ‘ओके’ने स्वीकारला जाणे हा दुवा डच युक्तिवादात अधिक नीट उलगडतो. यानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना वा रद्द करतानाच वापरायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचे, असा दंडक पडला.

पुनरुच्चार बरोबर असूनही अपघात टळत नाही, हे हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात कझाक व सौदी विमानांच्या झालेल्या धडकेवरून (१२ नोव्हेंबर १९९६; ३४९ मृत्यू) दिसते. कझाक विमानाला १५,००० फूट पातळी दिली होती. ते त्याखाली सौदी विमानाच्या १४,००० फुटांपर्यंत आणि पुढेही उतरले. कझाक विमानात रेडिओवर बोलणारा एक आणि विमान चालवणारे दुसरे होते. अपघाताची चौकशी करणाऱ्या लाहोटी आयोगाने, नेमून दिलेली पातळी सोडणे हे कारण मानले. पुढे इकाओने इंग्रजी प्रावीण्याचे निकष आणले. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी त्यांतील किमान चौथी श्रेणी २००८ पासून लागू आहे.

डेटालिंकने (नियंत्रक व वैमानिक यांच्यातील लिखित संदेशांच्या यंत्रणेने) सूचना पडद्यावर लिखित येते, त्यामुळे ऐकण्यातील चुका कमी होतात. मात्र उत्तराला वेळ लागत असल्याने त्याचा वापर मुख्यत्वे समुद्रावर व उंच हवाई मार्गांवर होतो. विमानतळाजवळ सूचना अजून आवाजानेच दिल्या जातात.