पेशी कमी, की पेशी कामचुकार?

पाऊस ओसरू लागला की नाशकात डेंग्यूची धास्ती सुरू होते. सिडको असो वा पंचवटी, चौकशी एकच: ‘पेशी किती आल्या?’ पेशी म्हणजे प्लेटलेट, रक्त थांबवायला मदत करणाऱ्या. दीड ते साडेचार लाखांत असतील तर निर्धास्त, खाली गेल्या की पपईच्या पानांचा रस, किवी, धावपळ. पण सीबीसीतला, म्हणजे नेहमीच्या रक्ततपासणीतला आकडा म्हणजे नुसता हजेरीपट. आलेल्या प्लेटलेट काम करतात की नाही, हे त्यात दिसत नाही.

डेंग्यूत त्या खरोखरच घटतात, ताप उतरायच्या सुमारास तळ गाठतात आणि बहुतेकांच्या आपोआप वाढतात. श्रेय किवीला जातं, ते सोडा.

दुसऱ्या प्रकारात पेशी कामचुकार: आकडा अडीच लाख असतो, तरी वारंवार घोळणा फुटतो, हिरड्यांतून रक्त येतं, पाळीत अंगावरून फार जातं, दात काढल्यावर रक्त थांबत नाही. लक्षणं दोन्हीकडे सारखीच, म्हणून गफलत होते. याचं नेहमीचं कारण म्हणजे ॲस्पिरिन. प्लेटलेटमधलं एक एन्झाइम ते कायमचं बंद पाडतं, आणि केंद्रक नसल्यामुळे प्लेटलेटला ते नव्याने बनवता येत नाही. तिचं सात ते दहा दिवसांचं आयुष्य तसंच सरतं. हृदयरोग्यांना नेमकं हेच हवं असतं, तेव्हा डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करू नये. मूत्रपिंड निकामी झालं तरी प्लेटलेट मंदावतात.

जन्मजात दोष दुर्मिळ. १९१८ साली ग्लान्झमान यांनी वर्णन केलेल्या आजारात प्लेटलेट एकमेकींना धरत नाहीत. संख्या मात्र सहसा ठीक असते. बर्नार्ड-सूलिए आजारात त्या रक्तवाहिनीच्या इजा झालेल्या भिंतीला नीट चिकटत नाहीत, शिवाय मोठ्या असतात आणि संख्येनेही बऱ्याचदा कमी. खरी फसगत इथे: रिपोर्ट पाहून ‘पेशी कमी’ एवढंच निदान होतं, आयटीपी (शरीराची प्रतिकारशक्तीच प्लेटलेट नष्ट करते तो आजार) समजून स्टिरॉइड सुरू होतात आणि उपयोग होत नाही. स्लाइडवर मोठ्या प्लेटलेट दिसल्या तर शंका घ्यायलाच हवी. दोन्ही आजारांत सदोष जनुक सहसा आई आणि वडील दोघांकडून यावं लागतं. मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत असलेल्या घरांत म्हणूनच नात्याची चौकशी महत्त्वाची.

पीटी, एपीटीटी या चाचण्या रक्त गोठवणाऱ्या घटकांच्या. प्लेटलेटचा दोष त्यांत सापडत नाही. त्यासाठी ॲग्रिगोमेट्री, म्हणजे प्लेटलेट एकमेकींना धरतात का हे पाहणारी चाचणी लागते. ती ताज्या रक्तावर, काही तासांतच करावी लागते आणि प्रत्येक लॅबमध्ये होत नाही. नमुना देण्यापूर्वी आदल्या आठ-दहा दिवसांत घेतलेल्या वेदनाशामक गोळ्याही सांगाव्यात, नाहीतर गोळीचा परिणामच आजार म्हणून रिपोर्टात उतरतो.